आवर्तन सुटायच्या आत अंदमान

परभणीच्या स्टेशनावर चार मोठ्या बॅगा आणि दोन म्हातारी माणसं घेऊन उभं राहिलं की ओळखीचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "कुठल्या देवाला?" तिरुपती, शेगाव, पंढरपूर, फार तर काशी, एवढीच उत्तरं त्याला अपेक्षित असतात. नुसतं फिरायला म्हणून पैसे खर्चून, घराला कुलूप लावून जायचं, ही गोष्ट आमच्याकडं अजून लोकांच्या पचनी पडलेली नाही. मलाही सांगताना चोरट्यासारखं व्हायचं. शेजारच्या काकूंना मी "अंदमानला" म्हणाले, तर त्यांनी विचारलं, "तिथं कोण आहे, देवी का महादेव?" मी उत्तर शोधेपर्यंत माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पुढं झाल्या. "सावरकरांची कोठडी आहे म्हणं तिथं. दर्शन घेऊन येतोत." काकूंनी जागेवरच हात जोडले आणि आमच्या सहलीची यात्रा झाली. निघेपर्यंत मग सगळ्यांना हेच उत्तर दिलं गेलं. समुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

बेट हवं हा हट्ट मुलांचा. लेकीनं मोबाइलवर मालदीवची पाण्यावर बांधलेली खोपटं दाखवली. एका रात्रीचं भाडं ऐकून मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "तेवढ्यात बोअर पाडून होते." मुलगा लक्षद्वीपवर अडून बसला होता, पण तिथं आपल्याच देशातल्या माणसालाही आधी परवाना काढावा लागतो. आणि कागदपत्रं म्हटलं की आमच्या घरात सातबाऱ्यापासून सगळं बाहेर निघतं, हवा तो कागद सोडून. अंदमानच्या नेहमीच्या बेटांना आपल्याला परवाना लागत नाही, हिंदी चालते, एवढ्यावर गाडी रुळावर आली. शिक्कामोर्तब मात्र एका नोटेनं केलं. यांच्या कपाटात जुनी, तांबूस रंगाची वीस रुपयांची नोट होती. तिच्या मागच्या बाजूचा तो समुद्र आणि ती झाडी पोर्ट ब्लेअरजवळची आहे, हे मुलांनी शोधून काढलं. मामांनी नोट चष्म्याजवळ धरली. "हे तर आपण दुधवाल्याला देत होतोत," म्हणाले.

बेट ठरलं, तारीख ठरेना. अंदमानात मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस, पुढं डिसेंबरपर्यंत परतीचा पाऊस आणि वादळांची धास्ती. मोकळे महिने म्हणजे जानेवारी ते मार्च. इकडं आमचं पंचांग वेगळं. मानवतजवळ आमची जमीन आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. कापसाची शेवटची वेचणी, तुरीची काढणी, मग हुरडा आणि हुरड्याला येणारे पाहुणे. संक्रांतीची वाणं रथसप्तमीपर्यंत चालतात. फेब्रुवारीत परभणीचा उरूस, आणि उरुसातले पाळणे चुकवायला मुलं तयार नव्हती, बेटासाठीसुद्धा. या सगळ्यांच्या वर कालव्याचं आवर्तन. पाणी सुटलं की रात्री-अपरात्री दारं धरायला घरचा माणूस रानात लागतो. मामांनी पाटबंधाऱ्याच्या ओळखीच्या माणसाला दोन-तीनदा फोन लावला, गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या तारखा बोटांवर मोजल्या आणि जाहीर केलं, "आवर्तन सुटायच्या आत परत यायचं. समुद्र काही आटत नाही, हरभरा वाळतो." सव्वीस जानेवारीला धरून, संक्रांतीचा तिळगूळ आणि उरूस यांच्या फटीत आमचं अंदमान बसलं.

मग फराळाची आघाडी उघडली. दशम्या, धपाटे, कारळाची चटणी, जवसाची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, येसराची पुडी, सुशीला करायला मुरमुरे. मी पहिल्यापासून सांगत होते की ही सहल चुलीपासूनही आहे. आत्याबाईंना ते पटलं होतं, फक्त त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की निघायच्या आधीच सगळं करून ठेवायचं. दोन दिवस घरात तव्याचा वास होता. शेवटी त्यांनी एक शेंडीचा नारळ फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवला. समुद्राची ओटी भरायची होती.

आमच्या भागातून बाहेरच्या जगात जायचा रस्ता अजूनही हैदराबादवरूनच जातो. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या संस्थानात होती. मामांचे वडील उर्दूतून शिकले आणि कोर्टाच्या कामाला हैदराबादला जात. आमचं विमानही तिथूनच होतं, म्हणून एक मुक्काम नातेवाइकांकडं झाला. दुसऱ्या दिवशी कोठी भागात जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी पाहिली. भले मोठे खांब आहेत, आवारात महिला विद्यापीठ आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी जमाव घेऊन या रेसिडेन्सीवर हल्ला चढवला होता. मौलवींना काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं आणि ते तिकडंच वारले. मामांना हे नवीन होतं. "म्हणजे आपल्या संस्थानातूनबी माणूस गेला होता की," म्हणाले, आणि त्या क्षणापासून आमची यात्रा त्यांच्या दृष्टीनं थोडी जास्त आमची झाली.

विमानातून खाली दिसलं ते हिरवं नव्हतं, आधी काळं दिसलं. झाडी इतकी दाट की उन्हात तिच्यावर सावलीच पडलेली वाटते. परभणीची जमीन काळी, आणि इथं जमीन दिसतच नाही. आमच्याकडं वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, तोही पडेल तेव्हा खरा. इथं तीन हजारांच्या आसपास. विमानतळावरून गावात जाताना मामा खिडकीला नाक लावून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी "बांधच दिसेना गा कुठं" म्हणत होते.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं, पण रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच. अबरदीन बाजारात आत्याबाई मला सोडून पुढं गेल्या. दुकानदार तमिळ, शेजारचं गिऱ्हाईक बंगाली. "लिंबू कैसे दिये? इत्ते महाग मेरेकू नको," असं त्यांनी ठणकावलं आणि भाव उतरला. पुण्याला नणंदेकडं गेल्या की त्यांच्या या हिंदीवर नातवंडं हसतात. इथं कुणी हसलं नाही. इथली हिंदीही अशीच, कैद्यांनी, शिपायांनी आणि निर्वासितांनी मिळून गरजेपुरती घडवलेली. कुणा एकाच्याच आईची नसल्यामुळं तिच्यात चुका काढायला कुणी बसलेलं नाही. आत्याबाई त्या बाजारात जेवढ्या बोलल्या तेवढ्या मी त्यांना परक्या गावात कधी बोलताना पाहिलं नाही.

गाडीचा ड्रायव्हर तरुण पोरगा होता. मामांनी बसल्या बसल्या विचारलं, "गाँव कौनसा?" आमच्याकडं यापुढचा प्रश्न "पाहुणे कोण?" आणि चहा येईपर्यंत माणसाची जात, पोटजात, जमीन सगळं कळलेलं असतं. पोरगा म्हणाला, "हम लोकल बॉर्न हैं, अंकल." पणजोबा कैदी म्हणून आलेले, बहुतेक अवधकडचे. पणजीही कैदीच, पण कुठली ते घरात कुणाला ठाऊक नाही. शिक्षा भोगून झाल्यावर लग्न लावून दिलं आणि दोघं इथंच राहिली. १० मार्च १८५८ ला दोनशे कैद्यांची पहिली तुकडी उतरली, तिथपासून असे संसार इथं मांडले गेले. मामांचा पुढचा प्रश्न तोंडातच राहिला. जरा वेळानं त्यांनी नवीन वाट काढली, "खेती कितनी?" "खेती नहीं, अंकल. गाड़ी है." मग दोघं मायलेज या विषयावर सुखानं बोलत राहिले.

सेल्युलर जेलमध्ये आमच्या पुढं महाराष्ट्रातलाच एक मोठा जथा होता. सगळे फाटकातून आत आले आणि सातव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडं सुटले. आम्हीही त्यातलेच. साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद खोली, वर हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर झरोका. आत सावरकरांचा फोटो, हार. ४ जुलै १९११ ला ते इथं आले, भाऊ बाबाराव आधीपासूनच इथं होते, आणि दोघांना बराच काळ एकमेकांची भेट होऊ दिली नव्हती. 'माझी जन्मठेप' आमच्या घरात आहे, यांनी शाळेत असताना वाचलेलं. आत्याबाईंनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. हे सगळं झालं, आणि जथा फोटो काढून खाली उतरला. बाकीच्या शेकडो कोठड्यांच्या गजांपुढून लोक बाजारातल्या बंद दुकानांपुढून जावं तसे गेले. संगमरवरावर कोरलेल्या याद्यांमध्ये बंगालची नावं संपता संपत नाहीत, मग पंजाब. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा गेले. महावीर सिंहांना जबरदस्तीनं नळीतून दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं. त्यांचे पुतळे बाहेरच्या बागेत आहेत. आपल्या लोकांची तिथं गर्दी नव्हती. आपलं दर्शन फार नेमकं असतं, हे मला पंढरपुरातही वाटतं.

मामा कुठंच दिसेनात म्हणून शोधलं, तर ते खाली कोलूपाशी उभे होते. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. मराठवाड्यात करडईचं तेल खाणाऱ्या माणसाला घाण्याचं नवल नाही. मामांच्या लहानपणी गावात लाकडी घाणा होता, आणि करडई तर अजूनही आम्ही दोन-चार तासं लावतोच. ते घाण्याची लाट कुठं बसते, दांडा केवढा, माणूस कुठं उभा राहणार, हे हातानं मापून पाहत होते. कैद्याला दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, खोबरेल काढून द्यावं लागे. नाही दिलं तर फटके. मामांनी हिशेब मांडला, "बैलाला इतकं होत नाही. अन् बैलाच्या डोळ्याला झापड बांधतेत, चक्कर येऊ नये म्हणून. माणसाला काय बांधलं असंल?" तिथल्या मार्गदर्शकाकडं याचं उत्तर नव्हतं. मामा आणखी एकदा दांड्याला हात लावून आले. कोठडीपुढं त्यांनी नुसते हात जोडले होते. इथं ते बराच वेळ रेंगाळले.

बाहेर आलो तर दिवस कलायला लागलेला. परभणीत चहाचं आधण ठेवायची ही वेळ. अंदमान परभणीच्या सोळा अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य साधारण तासभर आधी येतो आणि जवळपास तेवढाच आधी निघून जातो. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच. साडेपाचला अंधार आणि पहाटे सहाच्या आत लख्ख उजेड. आत्याबाई पहाटे उठणाऱ्या, त्यांना हे फार आवडलं. "इथलं लोक शहाणं आहे," म्हणाल्या. लोक उठलेलेच नव्हते, फक्त सूर्य उठला होता.

ड्रायव्हरनं बाराटांगला चला म्हणून आग्रह केला. चुनखडीच्या गुहा आहेत, आणि वाटेत जारवांच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायला बंदी. "दिख भी जाते हैं कभी-कभी," तो म्हणाला, वाघ दिसावा त्या सुरात. हुरड्याच्या दिवसांत शहरातली माणसं आमच्या रानात येतात आणि आमच्या सालगड्याला "जरा पटका बांधून उभे राहा" म्हणत फोटो काढतात, तेव्हा मामांच्या कपाळावर जी शीर दिसते, तीच आता दिसली. आम्ही बाराटांगला गेलो नाही. वंडूरला गेलो.

त्या रस्त्यावर सिप्पीघाट लागतं. डाव्या-उजव्या हाताला पाणी पसरलेलं, मधे कुठं कुठं झुडपं. मुलांना वाटलं खाडी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली, त्सुनामीचं पाणी आत आलं आणि परत गेलंच नाही. हे सगळं भातशेत होतं. मामांनी गाडी थांबवायला लावली. जायकवाडीसाठी गावं उठली, तेव्हाच्या गोष्टी आमच्याकडं अजून सांगतात. धरणात जमीन गेली की मोबदल्याची फाइल तरी असते, भांडायला ऑफिस असतं. समुद्रानं नेली तर कुणाकडं जायचं? मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

पाण्याचं आणखी एक कोडं तिथल्या मुक्कामात सुटलं. घरमालकीण मूळची रांचीकडच्या मजुरांच्या घरातली. तिच्या छपरावर आणि अंगणात निळे ड्रम ओळीनं मांडलेले होते, अगदी आमच्या गल्लीसारखे. मी विचारलं, एवढा पाऊस पडतो आणि हे कशाला? ती म्हणाली, मार्च-एप्रिल आला की नळाला तीन-तीन, चार-चार दिवसांनी पाणी. डोंगर उताराचे, साठवण थोडी, पडलेलं सगळं धावत समुद्राला जातं. आमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो ते मी सांगितलं. मग आम्ही दोघी ड्रमला आतून शेवाळ धरू नये म्हणून काय करायचं यावर बोलत बसलो. आत्याबाई तुरटीच्या बाजूच्या. सहलीतल्या माझ्या सगळ्यात मोकळ्या गप्पा त्या ड्रमांच्या ओळीपाशी झाल्या, कोणत्याच समुद्रकिनाऱ्यावर नाही.

किनारा स्वराज द्वीपावर भेटला. जुनं नाव हॅवलॉक, २०१८ च्या डिसेंबरमध्ये बदललं. बोटीत आत्याबाईंनी डोळे मिटून लिंबू हुंगलं, बाकी त्रास नाही. राधानगरच्या वाळूवर उतरताना मागं उंच झाडांची भिंत आणि पुढं पाणी, मधे पांढरी पट्टी, बस. ओल्या वाळूवर मोहरीपेक्षा जराशा मोठ्या गोळ्यांची रांगोळी होती, एका भोकापासून चहूकडं निघालेल्या रेघा. लेक पालथी झोपून पाहत राहिली. नखाएवढा खेकडा बाहेर यायचा, वाळू तोंडात घ्यायचा, त्यातलं खायचं तेवढं खायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकायचा. लाट आली की सगळं सपाट, आणि लाट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मुलानं एक सुंदर शंख उचलला, तर त्याला पाय फुटले. तसंही इथून शंख, शिंपले, प्रवाळ काही न्यायला बंदी आहे. परभणीच्या मुलांना हे समजावणं जड गेलं, कारण आमच्याकडं यात्रेहून काहीतरी आणावंच लागतं.

आत्याबाईंनी पिशवीतून नारळ काढला. चहूबाजूंनी माड, वाळूत नारळ पडलेले, आणि त्या मधोमध परभणीच्या बाजारातून, हैदराबादमार्गे, विमानानं आलेला नारळ. हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, ओंजळीनं पाण्यावर सोडला. खण त्यांनी परत घेतला, लाटेत कुणाच्या पायात अडकेल म्हणून. नारळ दोनदा परत आला. तिसऱ्यांदा जीवरक्षक पोरानंच तो उचलून लांब फेकला आणि त्यांना नमस्कार केला. मग आत्याबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी "बाहेर या" म्हणणार होते. नाही म्हणाले. सहा दशकं ज्या बाईनं हंड्यानं, घागरीनं, ड्रमनं पाणी मोजलं, तिनं न मोजता येणाऱ्या पाण्यात किती वेळ उभं राहावं, हे मी कोण सांगणार? पोचपावती म्हणून त्यांनी संध्याकाळी एवढंच म्हटलं, "इतकं पाणी, अन् डाळ शिजायची नाही त्यात."

जेवणाचं म्हणाल तर पुरुषांची चंगळ झाली. मासा रोज, बंगाली रस्सा नाहीतर तंदूर. आम्ही दोघी डाळभातावर, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवसापासून धपाट्यांचीच वाट पाहत होतो. ठेच्याची बरणी जेवणाच्या टेबलावर काढली की शेजारचे लोक वळून बघत. एका बंगाली कुटुंबानं मागून घेतला, त्यांच्या आजींनी चमचाभर भातात कालवला आणि डोळ्यांतून पाणी येत असताना आणखी मागितला.

शेवटचा मुक्काम शहीद द्वीप, म्हणजे नील. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं, आणि इथल्या वस्त्या-किनाऱ्यांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आत्याबाईंना उशिरा का होईना पण पत्ता बरोबर सापडल्याचं समाधान झालं. मामांना वेगळंच सापडलं. नील ही अंदमानची भाजीची परडी. रस्त्याच्या दोन्ही अंगाला वांगी, काकडी, पालेभाज्या, आणि इतर बेटांनाही इथून भाजी जाते. इतके दिवस बांध शोधणारा माणूस बांधावर पोचला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या भेंडीत ते सरळ शिरले, पान उलटून पाहिलं, पिवळ्या शिरा बघितल्या आणि म्हणाले, "केवडा पड्या." त्याला केवडा कळेना. मामांनी मग हातवारे करून पांढऱ्या माशीपासून सुरुवात केली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' नावाची भेंडी काढली, तिच्यावर हा रोग सहसा यायचा नाही, आम्ही ती वर्षानुवर्षं लावली, बाजारात हातोहात जायची, असं सगळं दक्खिनी हिंदीत सांगून झालं. शेतकरी लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं विडी मामांपुढं धरली, मामांनी तंबाखूची पुडी काढली.

"बीज मिलेगा?" त्यानं विचारलं.

"पोस्ट से भेजता. पता देव."

त्यानं मुलाच्या हातून पत्ता लिहवून दिला आणि विचारलं, "ये परभणी किधर पड़ता है?"

मामा सरळ उभे राहिले. "दुनिया में जर्मनी, भारत में परभणी! नहीं सुना?"

त्यानं नाही सुना होतं. तो अगदी सौजन्यानं म्हणाला की जर्मनीचे दोघं गेल्या आठवड्यात समोरच्या लॉजवर होते, चांगली माणसं, पण भेंडीबद्दल त्यांना काही माहिती नव्हती. मामांनी पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं, मराठवाडा कुठं, गोदावरी कुठं, आणि त्यात जर्मनी कशी आली. यांचा जेट्टीवरून दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा दोघं भेंडी सोडून वांग्यापर्यंत पोचले होते.